जवानांचं मनोधैर्य घरबसल्या कसं वाढवावं

युद्धाचे ढग जमायला लागले की आपल्यावर, म्हणजे पंख्याखाली बसलेल्या नागरिकांवर, फार मोठी जबाबदारी येऊन पडते. जवानाकडे बंदूक असते, हेल्मेट असतं, बूटही बहुतेक वेळा असतात. पण देशभक्ती आणि शौर्य हा माल त्याला मागून आपणच पुरवायचा असतो. हा पुरवठा कसा करावा याचं मार्गदर्शन मराठीत कुठे सापडत नाही. आमच्या सोसायटीत परवा कारगिल विजय दिनाचा कार्यक्रम झाला आणि तो मला शेवटपर्यंत बसून पाहावा लागला. तेव्हापासून ही उणीव आपणच भरून काढावी असं मनात घोळतं आहे. नवशिक्या देशभक्तांनी खालील सूचना जपून ठेवाव्यात आणि न वाचता पाच ग्रुपवर पाठवाव्यात.

सर्वांत आधी, मुलगा सैन्यात का गेला हे त्याला कधीही विचारू नये. आपल्याला ते माहीत असतं. माण-खटावकडे पहाटे चारला निघालात तर डांबरी रस्त्याच्या कडेने पोरं धावताना दिसतील. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत मारायचे असतात. घरी दोन एकर कोरडवाहू, पाऊस स्वतःच्या मर्जीचा, बहिणीचं लग्न तोंडावर. आजा पलटणीत होता, चुलता पलटणीत आहे. शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी आहे, साताऱ्याजवळ अपशिंगे मिलिटरी आहे. गावांच्या नावातच नोकरी लिहिलेली. अपशिंग्यातून पहिल्या महायुद्धावर गेलेल्यांपैकी ४६ जण परत आले नाहीत, तरी पुढची पिढी भरतीच्या रांगेत उभी राहिलीच. असा मुलगा निवड झाल्यावर घरी फोन करून म्हणतो, ‘आई, लागलो.’ हे ऐकून घेऊ नये. त्याच्या तोंडून ‘मातृभूमीची हाक’ असंच आलं पाहिजे. पगार, इन्क्रिमेंट, पीएफ हे आपले विषय. जवानाने पगाराचं नाव काढलं की शौर्याला गंज चढतो.

सैनिकांसाठी निधी गोळा करायचा ध्वजदिन ७ डिसेंबरला असतो. त्या दिवशी सुट्टे पैसे ठेवू नयेत.

भाषणात इतिहास सांगायचा असेल तर जपून. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दोन व्हिक्टोरिया क्रॉसचा, म्हणजे ब्रिटिशांच्या सर्वोच्च शौर्यपदकांचा, उल्लेख जरूर करावा, पण तपशिलात शिरलात तर घोटाळा होतो. रायगड जिल्ह्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीचं खोरं. मशीनगनच्या माऱ्यात त्यांचं अख्खं सेक्शन, म्हणजे त्यांची छोटी तुकडी, पडलं, काही ठार, काही जखमी, उभे एकटे घाडगे. ते सरळ मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्बने गन आणि तिच्यामागचा माणूस उडवला, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ उरला नाही तेव्हा उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं. लगेच शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. दुसरे नामदेव जाधव, कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोहोचवणारे. ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. दोन जखमी सोबत्यांना त्यांनी दोन खेपांत खोल पाण्यातून, सुरुंगांतून मागे नेऊन ठेवलं, आणि मग परत जाऊन तीन मशीनगन गप्प केल्या. हाताला गोळी लागून टॉमीगन चालवता येईना, तर हातबॉम्ब फेकत राहिले. शेवटी नदीच्या बांधावर उभं राहून पलटणीची युद्धगर्जना दिली आणि उरलेल्या कंपन्यांना पलीकडे बोलावलं.

अंगावर काटा येतो ना? आता श्रोत्यांतलं एखादं आगाऊ पोर उठून विचारतं, ‘काका, हे लढले कुठल्या देशासाठी?’ राजा सहावा जॉर्ज. इकडे चले जावचे कैदी तुरुंगात, तिकडे आझाद हिंद सेनेतले आपलेच लोक समोरच्या बाजूने. घाडग्यांचं सेक्शन पडलं त्या क्षणी त्यांच्या डोक्यात लंडन होतं की दिल्ली? जाधवांच्या पाठीवर देशाचा नकाशा नव्हता, रक्ताने भिजलेला सोबती होता. असले प्रश्न निघाले की भाषणाचा रंग जातो. म्हणून ‘मराठ्यांनी इटली गाजवली’ एवढं म्हणून टाळ्या घ्याव्यात आणि बसावं.

सत्काराचा हार आधी एखाद्या नगरसेवकाच्या गळ्यात घालून पाहावा, म्हणजे लांबीचा अंदाज येतो.

जवानाची मुलाखत कशी घ्यावी, हा यातला सगळ्यात अवघड भाग. इथे मला आमच्याच कार्यक्रमाकडे यावं लागेल. आमच्या गेटवर रखवालीला असलेले काका मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले आहेत. ही गोष्ट कमिटीला कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कळली. बारा तासांची पाळी, पत्र्याची केबिन. उन्हाळ्यात त्यांनी केबिनला पंखा मागितला होता, तेव्हा ‘मेंटेनन्समध्ये बसत नाही’ असं ठरलं होतं. फुगे, बॅनर आणि प्रेरणादायी वक्ता मात्र मेंटेनन्समध्ये व्यवस्थित बसले. वक्ता एरवी विमा एजंटांना ऊर्जा देतो. कॉलरला माईक, पांढरे बूट. काकांना स्टेजवर बोलावून त्याने डोळे मिटले आणि विचारलं, ‘सियाचीन! उणे चाळीस! अशा वेळी कोणती शक्ती तुम्हाला उभं करत होती?’

काका म्हणाले, ‘दोरी.’

लोक हसले. काका हसले नाहीत. ते म्हणाले, ‘गस्तीला आम्ही सगळे एका दोरीत बांधलेले असायचो साहेब. पुढचा बर्फाच्या भेगेत गेला तर मागच्यांनी धरायचा. मी ढिला पडलो तर तो जाणार. तिथं दुसरं काही सुचत नाही.’

आता, माणसाला एवढं उत्तर मिळाल्यावर त्याने काय करावं? गप्प बसावं ना! थोडा वेळ तरी? पण नाही. वक्ता ओरडला, ‘यालाच म्हणतात देशप्रेम! जोरदार टाळ्या!’ आणि मागून कोणीतरी बासरी लावली. काका आणखी काही सांगायला तोंड उघडत होते. कदाचित दोरीच्या पुढच्या टोकाला कोण होतं ते सांगणार होते. पण तोवर शाल आली, नारळ आला, सेल्फी आल्या, आणि पाहुण्यांच्या गाड्या निघायच्या म्हणून सेक्रेटरींनी त्यांना हळूच सांगितलं, ‘काका, जरा गेटवर बघता का?’ काका शाल खांद्यावर तशीच ठेवून खाली गेले. गेल्या गेल्या बी विंगमधल्या गाडीने त्यांच्यावर हॉर्न मारला. गाडीच्या मागे ‘प्राउड ऑफ इंडियन आर्मी’ लिहिलेलं आहे.

तर मुलाखतीचा नियम असा: उत्तर आधी ठरवावं, मग प्रश्न विचारावा. कारण खरं उत्तर बहुतेक वेळा दोरीसारखंच असतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने सॅम्युअल स्टाउफर या समाजशास्त्रज्ञाचं पथक कामाला लावलं आणि पाच लाखांहून अधिक सैनिकांना प्रश्नावल्या दिल्या. लढून आलेल्या पायदळाला विचारलं, कशामुळे टिकलात? काम संपवून घरी जायचं होतं, सोबत्यांना टाकून कसं येणार, घरच्यांची आठवण, असली उत्तरं आली. ध्येय, देश, तत्त्व असं लिहिणारे मूठभर निघाले. म्हणजे त्या लोकांना देशाबद्दल काही वाटत नव्हतं असं नव्हे. देशप्रेम माणसाला भरतीच्या मैदानावर आणतं, सुट्टी संपल्यावर स्टेशनवर परत पाठवतं. पण गोळी सुरू झाल्यावर दिसतो तो शेजारचा माणूस, पुढे चालणारा अधिकारी आणि पलटणीची इज्जत. गावात तोंड दाखवता येईल ना, ही धास्तीही असतेच, आणि तिला भ्याडपणा म्हणायची माझी तरी छाती नाही. जिथे गोळीपेक्षा हवामानाने आणि हिमस्खलनाने जास्त माणसं नेली, त्या सियाचीनमध्ये शौर्य दाखवायचं तरी कोणाला? तिथे बूट लागतात. २०२० मध्ये संसदेत आलेल्या ‘कॅग’च्या, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्यांच्या, अहवालात लिहिलं होतं की अति उंचावरच्या जवानांना बर्फात घालायचे चष्मे आणि बूट वेळेवर पुरले नाहीत, जुने बूट दुरुस्त करून वापरावे लागले. त्या दिवशी आमच्या ग्रुपवर ‘गुड मॉर्निंग’चे गुलाब आले होते.

टीव्हीवर युद्ध पाहताना आवाज पूर्ण ठेवावा. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर चालू असताना एका रात्रीत वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त करून दाखवलं होतं. सकाळी बंदर जागेवर होतं. माफी मागायची पद्धत नाही.

लढाई थांबली तर मात्र मनोधैर्य वाढवणाऱ्याने अजिबात थांबू नये. १० मे रोजी शस्त्रसंधी झाल्याचं परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी सांगितलं. निर्णय सरकारचा, सांगणारा अधिकारी. तरी आपण त्यांच्यावर आणि त्यांच्या मुलीवर असे काही तुटून पडलो की त्यांना ‘एक्स’वरचं आपलं खातं बंदिस्त करावं लागलं. त्याच्या आधी एक मोठी मोहीम आपण फत्ते केलीच होती. पहलगामला २२ एप्रिलला नौदलाचा एक तरुण अधिकारी मारला गेला. लग्नाला आठवडा झाला नव्हता. नवऱ्याच्या मृतदेहाशेजारी बसलेल्या त्या मुलीचा फोटो आपण स्टेटसला ठेवला, रडलो, मुठी आवळल्या. थोड्या दिवसांनी ती बोलली: न्याय हवा, पण मुसलमानांच्या आणि काश्मिरींच्या मागे लागू नका, आम्हाला शांतता हवी. झालं! ज्यांनी तिचा फोटो ठेवला होता त्यांनीच तिचं चारित्र्य तपासायला घेतलं. नवरा गेलेल्या बाईने काय वाटून घ्यावं हेही आता आपण ठरवणार. फोटोतली विधवा हवी, बोलणारी नको.

आणि आता उपरोध पुरे, कारण हे लिहिताना माझा हात थरथरतो आहे आणि विनोद सुचत नाही.

अहो, तुम्हाला जवान हवा आहे की देव्हाऱ्यातली मूर्ती? मूर्तीला भूक लागत नाही, तिला बायको-पोरं नसतात, ती पेन्शन मागत नाही, म्हणून ती सोयीची. तो ‘निधड्या छातीचा’ आणि ‘देशासाठी वेडा’ आहे असं एकदा ठरवलं की आपल्याकडे काही मागणं उरतच नाही. समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन यासाठी म्हातारे सैनिक २०१५ मध्ये जंतरमंतरवर पदकं लावून बसले होते, तेव्हा किती जणांनी टाळ्या वाजवल्या? नोकरीत जडलेल्या आजारासाठी, अपंगत्वासाठी पेन्शन मागणाऱ्या जवानाला आपलंच सरकार कोर्टात खेचतं. भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार नोकरीत उद्भवला तर तो नोकरीमुळेच झाला असं धरावं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सांगितलं आहे. तरी त्यानंतरही अपिलं होत राहिली. तारखेला येणारा तो माणूस कुबडी टेकत येतो. सरकारी वकील भाड्याच्या गाडीतून येतो, आणि त्या गाडीचं भाडं तुमच्याआमच्या करातून जातं. यावर एक फॉरवर्ड दाखवा मला. एक!

२०२२ पासून मुलं अग्निवीर म्हणून जातात. चार वर्षं. पहिल्या वर्षी महिना तीस हजार, हातात एकवीस. शेवटी साधारण पावणेबारा लाखांचा सेवा निधी, पेन्शन नाही, आणि कायम होणार फार तर चारातला एक. बाकीचे तिघे पंचविशीच्या आसपास माजी. योजना चांगली की वाईट यावर लष्करातली जाणती माणसं दोन्ही बाजूंनी बोलतात, बोलू देत. माझा राग वेगळा आहे. दोरीतल्या माणसाला मागचा धरून आहे हा भरवसा लागतो, तसाच घरी आईबापांचं कसं चाललंय याचाही लागतो. तो भरवसा देणं एवढं एकच काम आपल्या वाट्याचं आहे, आणि तेच सोडून आपण बाकी सगळं करतो. बासरी लावतो, शत्रूच्या राजधान्या जिंकतो, विधवांना शिव्या देतो.

सोसायटीवाल्यांनो, तुम्हालाच सांगतो आहे, नाव घेत नाही एवढीच सवलत. त्या केबिनला पंखा लावा. पाळी आठ तासांची करा आणि तिसऱ्या माणसाचा पगार मेंटेनन्समध्ये बसवा, वक्त्याचं मानधन बसलं तसाच. गेटवर हॉर्न मारू नका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय कुठे आहे ते शोधा, तिथे कोणाचा कागद कुठे अडला आहे विचारा, आणि ग्रुपमधल्या वकिलांनी, सीएंनी आठवड्यातला एक तास तिथे जाऊन बसा. ते जमणार नसेल तर निदान पुढच्या २६ जुलैला स्टेजवर कोणाला बोलावलंत तर त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत त्याच्या हातातला माईक काढून घेऊ नका.