प्रतिक्रियेला उत्तर: ८५० आरपीएम आला खरा, पण कशाने आला?

इंजिनाचं टायमिंग आणि आयडल कसं लावायचं यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची कमेंट दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू, "अडाणी मिस्त्रीगिरी" जरा लागलंच. पण दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की चिडून का होईना, तुम्ही लक्षणं इतकी नीट लिहिलीत की दुखणं कुठेय ते त्यातच सापडतंय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. यांनी कार्ब्युरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) आणि पॉइंटवालं (उघडताना ठिणगी पाडणारा छोटा स्विच असलेलं) चार सिलिंडरचं इंजिन पूर्ण खोलून बांधलं, पिस्टन-रिंगा नव्या, कॅमशाफ्ट नवा, हेडचं फेसिंग केलं. मी लिहिलं होतं "आधी टायमिंग, मग आयडल", म्हणजे आधी ठिणगी पडायची वेळ, मग अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरतं तो वेग. तसंच यांनी केलं. टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकून पुलीवरची खूण दाखवणारा दिवा) लावला तेव्हा इंजिन १३०० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) फिरत होतं, खूण ८ अंशावर आणून डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग, तो फिरवला की टायमिंग बदलतं) कसला आणि मग आयडल स्क्रूने ८५० केलं. आता पिकअप नाही, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड भट्टीसारखा तापतो, मिक्स्चर स्क्रू (आयडलचं पेट्रोल कमी-जास्त करणारा) कितीही फिरवा इंजिन ढिम्म, आणि चावी काढल्यावरही दोन-चार ठोके मारून मग बंद पडतं. शिवाय मॅन्युअलमध्ये क्रम उलटा आहे आणि मी आवाज ऐकून, कानाने टायमिंग लावायला सांगितलं ते चूक आहे, हे दोन आरोप.

कानाचं आधी. तिथे तुमचं बरोबर आहे, मी ढिसाळ लिहिलं. आयडलवर इंजिनावर लोड नसतो, त्यामुळे डिस्ट्रिब्युटर अ‍ॅडव्हान्सकडे (ठिणगी लवकर पडेल असा) जितका फिरवाल तितकं ते खूश होतं, आरपीएम चढतो, आवाज गोड येतो, आणि माणूस म्हणतो हं, इथेच कसूया. मग चढावर चौथ्या गिअरला टकटक सुरू. तुमच्या हेडचं फेसिंग झालंय म्हणजे कॉम्प्रेशन थोडं वाढलंय, अशा इंजिनाला तर नॉकिंग (ही टकटक) लवकर लागतं आणि नव्या पिस्टनच्या रिंगांच्या खाचांच्या कडा फुटायला ते पुरतं. पहिल्या स्टार्टला इंजिन निदान फिरतं ठेवण्यापुरता कान ठीक, पुढे नाही. लेखातलं ते वाक्य काढून टाकतो.

क्रमाचं मात्र अर्धं तुमचं, अर्धं माझं. मॅन्युअल आधी आयडल म्हणतं कारण ते चालत्या, गरम, मुळात ठीक असलेल्या इंजिनासाठी लिहिलेलं असतं. आत्ताच बांधलेल्या इंजिनाचं आयडल लावणार कशाच्या जोरावर, टायमिंगच माहीत नसेल तर? त्यात नवा कॅम, साधे टॅपेट (कॅमवर घासत चालणारे) असतील तर तो पहिली वीसेक मिनिटं दोन हजाराच्या आसपास फिरवावा लागतो, आयडलवर सोडला तर घासून खराब होतो. म्हणजे सेल्फ मारायच्या आधीच टायमिंग बऱ्यापैकी जागेवर हवं, आणि "आधी टायमिंग" मी ते बंद इंजिनावर बल्ब लावून करायच्या टायमिंगबद्दल म्हणत होतो. पण तसं स्पष्ट लिहिलं नाही, तुम्ही लाइटचं टायमिंग समजलात, आणि लाइट लावताना व्हॅक्यूमचा पाइप (कार्ब्युरेटरकडून डिस्ट्रिब्युटरला जाणारा, ओढीने ठिणगी लवकर पाडणारा) काढून त्याचं तोंड बंद करायला हवं हे तर मी लिहिलंच नव्हतं. ही चूक सरळसरळ माझी.

आता तुमच्या इंजिनात काय झालं ते बघा. १३०० वर डिस्ट्रिब्युटरमधली वजनं (वेग वाढला की पसरून ठिणगी लवकर पाडणारी) उघडायला लागलेली असणार, म्हणजे काही अंश तिथून आले. थ्रॉटलची पाकळी (आत जाणारी हवा कमी-जास्त करणारी) स्क्रूने उघडून ठेवलेली, त्यामुळे व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सचं भोक उघडं पडलं आणि आणखी काही अंश तिकडून आले. हे सगळं धरून लाइटमध्ये जे दिसत होतं ते तुम्ही ८ वर आणलंत. वजनं आणि व्हॅक्यूम बाजूला काढलं तर खाली उरलं काय? शून्याच्या आसपास, कदाचित टीडीसीच्याही (पिस्टन अगदी वर पोचतो तो क्षण) नंतर. पेट्रोल उशिरा पेटतं, जाळ पिस्टन ढकलायच्या ऐवजी एक्झॉस्टमध्ये जातो, मॅनिफोल्ड तापतो. ताकद कमी म्हणून तेच ८५० टिकवायला पाकळी जास्त उघडी ठेवावी लागते, आणि ती जास्त उघडी राहिली की पेट्रोल आयडलच्या छोट्या भोकातून न येता वरच्या फटीतून यायला लागतं. मिक्स्चर स्क्रू त्या छोट्या भोकावर बसलेला असतो, तो फिरवून काय होणार मग! चावी काढल्यावरचे ठोकेही त्यातलेच, आतला भाग तापलेला आणि पाकळी उघडी, ठिणगी नसली तरी पेटतंय.

म्हणून मी नुसत्या आकड्यावर जात नाही. ८५० आलं हे ठीक, पण पाकळी किती उघडून आलं? स्क्रू तीन-चार वळसे आत घालून आयडल जमत असेल तर बिघाड दुसरीकडे कुठेतरी आहे आणि स्क्रू फक्त त्यावर पांघरूण घालतोय.

तर आता असं करा. सगळ्यात आधी पॉइंटचा गॅप फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) मॅन्युअलप्रमाणे, कारण गॅप बदलला की टायमिंग बदलतं, नंतर हात लावलात तर सगळं परत. मग आयडल स्क्रू मागे घ्या, पाकळी पूर्ण मिटेपर्यंत, आणि टेकल्यापासून फक्त एक-दीड वळसा आत. मिक्स्चर स्क्रू हलक्या हाताने टेकवून, आवळून नाही, टेकवून, दीड ते दोन वळसे बाहेर. एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनवर आणा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत ना बघा, खूण ८ वर आणताना इंजिन नेहमीच्या दिशेनेच फिरवा, पुढे गेली तर उलटं आणून थांबू नका, बरंच मागे जाऊन परत पुढे या, चेनमधला ढिलेपणा निघाला पाहिजे. १२ व्होल्टचा बल्ब कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकापासून बॉडीला, चावी ऑन, आणि डिस्ट्रिब्युटर रोटरच्या (त्याच्या आत फिरणारा भाग) उलट दिशेला सावकाश फिरवत बल्ब पेटेल त्या क्षणी कसा. आता स्टार्ट करा, पूर्ण गरम होऊ द्या, व्हॅक्यूमचा पाइप काढून बंद करा, आयडल मॅन्युअलच्या आकड्याच्या खाली आणा आणि मग लाइट. इथून पुढे मॅन्युअलचाच क्रम, आणि टायमिंग हललं की आयडल हलणारच, म्हणून दोन-तीन फेऱ्या मारायच्या, एका फेरीत कुणाचंच होत नाही.

इतक्या बंद पाकळीवर इंजिन उभंच राहत नसेल तर हवा कुठून तरी खेचतंय. कार्ब्युरेटरखालचं गॅस्केट आणि इनटेक मॅनिफोल्डचे नट बघा, बांधल्यावर एकदा तापून थंड झालं की हे नट हमखास ढिले सापडतात.

एक गोष्ट मात्र तुम्ही लिहिली नाही आणि मला तीच छळतेय: पुलीवरची खूण खरी आहे का? माझ्या इंजिनाची पुली दोन तुकड्यांची होती, मध्ये रबर, आणि बाहेरची कडी कधीतरी सरकलेली. खूण १० दाखवायची, प्रत्यक्षात टीडीसीच्या जवळपास. मी तीन रविवार कार्ब्युरेटर खोलत बसलो, जेट बदलले, शिव्या घातल्या, पुलीकडे बघितलंसुद्धा नाही. तेव्हा एक नंबरचा प्लग काढून त्या भोकात पिस्टन अडवणारा बोल्ट लावा, इंजिन हाताने, अगदी हळू, पान्याने, सेल्फने अजिबात नाही, एका दिशेने अडेपर्यंत फिरवून पुलीवर खूण करा, मग उलट दिशेने अडेपर्यंत, दुसरी खूण. दोन्हींच्या बरोबर मध्ये खरा टीडीसी. छापील खूण तिथे नसेल तर पांढऱ्या रंगाने नवी काढा आणि वरचं सगळं त्या खुणेवर करा. खरं तर हे बल्बच्या आधीच करायला हवं, मी उलट्या क्रमाने सांगतोय, परत ओरडा खाईन.

नवे पॉइंट असतील तर त्यांची टाच (डिस्ट्रिब्युटरच्या कॅमवर टेकणारा भाग) सुरुवातीला घासते, गॅप कमी होतो आणि टायमिंग हळूच मागे सरकतं, त्यामुळे पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर गॅप आणि टायमिंग दोन्ही परत बघा. मूळ लेखात पाइपाचं आणि बल्बचं आज रात्री घालतो. तुम्ही स्क्रू मागे घेताना पाकळी मिटेपर्यंत किती वळसे लागले ते मोजून ठेवा आणि इथे टाका, तीनच्या वर निघाले तर माझा अंदाज बरोबर, एकाच्या आत निघाले तर मात्र मलाच परत डोकं खाजवावं लागेल.