बोटीवरचं बोट

काल रात्री गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर एका अनोळखी पोरानं मला बघून शेजारच्याला कोपरानं ढोसलं. "त्येच बघ, बोटवालं." माझ्या मालकीची बोट नाही. बोट आहे ते उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं. त्यानंच माझी अब्रू घालवली.

गेल्या रविवारी फोंडा घाट उतरून आम्ही मालवणला गेलो आणि देवबागला डॉल्फिन बघायच्या बोटीत बसलो. दुसऱ्यांच्या घामानं ओलं झालेलं लाइफ जॅकेट अंगात. शेजारी एक मामा. पायात करकर वाजणारी नवी कोल्हापुरी, मांडीवर भडंगाची पिशवी.

"कुठलं पावणं?"

"कोल्हापूर."

"ते कळलंच. पेठ कंची?"

"शिवाजी."

मामा जरा सरकून बसले. ते मंगळवार पेठेचे. शाहू स्टेडियमवर फुटबॉल सुरू झाला की या दोन पेठा एकमेकींशी कशा वागतात ते कोल्हापूरकरांना सांगायला नको.

"आमच्या दाजीपूरचा गवा बघा," मामांनी समुद्राकडं पाठ करून सुरू केलं. "हजार किलोचं धूड, पर हुबं ऱ्हातंय, फोटू काढून घेतंय. ह्यो मासा नुसता पळतोय."

"मासा नाही तो मामा. आपल्यासारखा हवेतच श्वास घेतो, म्हणून तर वर येतो."

"मग पाण्यात कशाला ऱ्हातोय?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजूनही नाही. शिवाय गव्याबद्दलचं त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. दाजीपूर ज्यात येतं ते राधानगरीचं अभयारण्य 1958 चं, महाराष्ट्रातलं पहिलं. तिथल्या गव्याला बघ्यांची सवय असणारच. पण या पाठीवर कुबड असलेल्या हंपबॅक डॉल्फिनला किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातच राहायचं असतं, आणि नेमकं तिथंच आम्ही. त्या दिवशी पाच बोटींनी घेरला होता. एकानंही इंजिन बंद केलं नाही. श्वास घ्यायला वर आलेल्याच्या डोक्यावर भोंगा वाजवायचा, वर "दिसला काय?" म्हणून विचारायचं. मला लाज वाटत होती. पण पैसे भरले होते, म्हणून मीही मान उंच करून बघतच होतो.

तेवढ्यात मामांनी फोन माझ्या हातात कोंबला. "माझा व्हिडिओ काढा. समुद्र मागं आला पायजे." आणि थेट टपावर पाय!

"मामानू, खाली बसा!" खलाशी ओरडला.

अख्खी बोट "आला, आला!" म्हणून किंचाळली. मी मात्र डोळे बारीक करून मामांचं डोकं चौकटीत बसवत होतो. डॉल्फिन त्यांच्या बरोबर मागं उसळला म्हणे. बोटीत तो फक्त आम्हा दोघांनाच दिसला नाही.

पुढं त्सुनामी बेटावर उतरल्यावर मामा भिजलेली चप्पल हातात धरून वाळूतनं चालत होते. खेकडे, पक्षी, काही बघेनात. व्हिडिओच सतरा वेळा बघितला. त्यात मामा आहेत, समुद्र आहे, आणि डॉल्फिनच्या जागी माझं बोट.

"मुद्दाम घातलं न्हवं?" त्यांनी शांतपणे विचारलं. "शिवाजी पेठ."

तो व्हिडिओ आता तालमी-तालमींतून फिरतोय. मंगळवार पेठेत म्हणे तो कटाचा पुरावा आहे. आमच्या पेठेत माझं कौतुक चाललंय, ते जास्त लागतं. मला डॉल्फिन बघायचा होता हो!

कट्ट्यावरचं ते पोरगं शेवटी धीर करून जवळ आलं. "काका, एक फोटो." माझ्या मिशीला दुधाचा फेस. त्यानं फोन मित्राकडं दिला आणि बजावलं, "बोट बाजूला घे रं."