डाळ माझी, बिल्ला दुकानाचा

मागच्या महिन्यात आईला एका पाकिटाचा फोटो पाठवला. इथल्या एका मोठ्या सुपरमार्केटची, त्यांच्याच नावाची तडका डाळ आणि कोपऱ्यात बक्षिसाचा सोनेरी बिल्ला. ती डाळ मी बसवलेली. ४ महिने, १९ ट्रायल, आणि घरी नवऱ्यानं "आता डाळ नको" म्हणून हात जोडेपर्यंत. आईनं फोटो मोठा करकरून पाहिला आणि सांगलीहून लगेच फोन.

"बिल्ला दिसला गं. तुझं नाव कुठंय?"
"माझं नसतं, आई."
"मग तुमच्या कंपनीचं?"
"तेही नसतं."
"मग बक्षीस मिळालं कुणाला?"

तेव्हा "नंतर सांगते" म्हणून वेळ मारून नेली. ते नंतर म्हणजे ही पोस्ट. लांबलीय, चहा घेऊन बसा.

नव्यानं जोडलेल्यांसाठी: मी परभणीच्या फूड टेक्नॉलॉजी कॉलेजची. गेली ११ वर्षं इंग्लंडमधल्या लेस्टरजवळच्या एका कारखान्यात एनपीडीत आहे, म्हणजे नवे पदार्थ तयार करायच्या विभागात. दुकानाच्या थंड कपाटातून उचलून घरी मायक्रोवेव्ह करायची जेवणं आम्ही बनवतो. पाकिटावर आमचं नाव कधीच नसतं, दुकानाचं असतं. याला इथे ओन लेबल म्हणतात. सोमवारी आमच्या लाइनवर एका दुकानाची डाळ जाते, मंगळवारी त्याच कढईत त्याच्या प्रतिस्पर्ध्याची. रेसिपी वेगळी, वरचं पुठ्ठ्याचं कव्हर वेगळं, ढवळणारी माणसं तीच.

एकेकाळी ओन लेबल म्हणजे परवडत नाही म्हणून घ्यायची वस्तू. १९७६ साली फ्रान्समध्ये कार्फूर या सुपरमार्केटनं ५० वस्तू बिनब्रँडच्या, साध्या पांढऱ्या पाकिटांत आणल्या. इथे १९९३ मध्ये टेस्को या सुपरमार्केटचं स्वस्तातलं टेस्को व्हॅल्यू आलं, निळ्यापांढऱ्या पट्ट्यांचं. माझ्याबरोबरची एक जुनी बाई सांगते, ओळखीचं कुणी समोरून आलं की ती पट्ट्यांवर ब्रेड सरकवून ठेवायची. मग १९९८ मध्ये टेस्कोनंच फाइनेस्ट काढलं आणि दुकानाच्या नावाची वस्तू महागही असू शकते हे लोकांच्या गळी उतरवलं. पण दुकानाकडे अशा वस्तू हजारोंनी. एकेकीची टीव्हीवर जाहिरात कोण करणार? त्यापेक्षा बिल्ला स्वस्त पडतो. म्हणून मग बक्षिसं.

आणि बक्षिसं किती! पीएलएमए, म्हणजे प्रायव्हेट लेबल मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन, नावाची संघटना आहे, १९७९ पासूनची. नावातच मॅन्युफॅक्चरर्स आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या नावानं माल बनवणाऱ्यांची ही संघटना. दरवर्षी मे महिन्यात ॲमस्टरडॅमला तिचं भलंमोठं प्रदर्शन भरतं. आणि या कारखानदारांच्या संघटनेची उत्तम मालाची बक्षिसं जातात कुणाला? दुकानांना. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कॅन्टीनमध्ये एकटीच हसले होते.

सगळ्या बक्षिसांना नावं ठेवायला मात्र मी बसलेली नाही. १९९४ पासून चालणारी ग्रेट टेस्ट स्पर्धा मला मनापासून आवडते. परीक्षकांसमोर पदार्थ येतो तो पाकीट काढून, नाव झाकून. एक, दोन किंवा तीन तारे, नाहीतर काहीच नाही. आणि तारा मिळो न मिळो, परीक्षकांचा लेखी शेरा प्रत्येकाला येतो. एकदा आमच्या चटणीला शून्य तारे आणि "व्हिनेगर पुढे, आंबा मागे" अशा अर्थाचा शेरा आला. खोटं नव्हतं. पाकीट गेलं की घरच्या भट्टीतली पाव करणारी बाई आणि अब्जावधींचं सुपरमार्केट एकाच ताटात येतात, हे मला फार भारी वाटतं.

दुसऱ्या टोकाला ब्रसेल्सचं मोंद सिलेक्शन, १९६१ पासूनचं. तिथे स्पर्धा नसतेच. ठरावीक गुणांच्या वर गेलात की पदक, मग तसे कितीही जण असोत. पहिल्या वर्गात पास होणं आणि बोर्डात पहिलं येणं यांतला फरक आपल्याला शाळेपासून कळतो, पण बिस्किटाच्या डब्यावर सोनेरी गोल दिसला की आपण विसरतो. आणि बिल्ला छापायचे बहुतेक ठिकाणी वेगळे पैसे. १९५७ पासून जाहिराती न घेता वस्तू तपासणारं 'विच?'सुद्धा आपला बेस्ट बायचा शिक्का पाकिटावर वापरायचं शुल्क घेतं. त्यात गैर काही नाही, संस्था चालवायला पैसे लागतात. फक्त बिल्ला दिसला म्हणजे कुणीतरी तो छापायचे पैसे भरलेत एवढं ध्यानात असू द्या. शेजारचं पाकीट तेवढंच चांगलं असेल, पैसे भरले नसतील.

आता आमच्या डाळीचं. लंडनच्या हॉटेलात जेवणासकट समारंभ. टेबलाचे पैसे आमच्या कंपनीनं भरले. नाव पुकारलं गेलं दुकानाचं, स्टेजवर गेली दुकानाची बायर, म्हणजे दुकानासाठी माल निवडणारी. ती बाई वाईट नव्हती हां, उलट तिच्या जिभेला मी मानते. "जिरं अजून" म्हणून तिनंच नऊदा डाळ परत पाठवली होती. (पुढच्या वर्षी तिची बदली मांजरांच्या खाण्यावर झाली. बायर लोकांचं असंच असतं.) ट्रॉफी त्यांच्या हेड ऑफिसला गेली. आमच्या रिसेप्शनमध्ये ट्रॉफीचा फोटो आहे, फ्रेम करून. कढईवरचे दोघे, एक सुरतेकडचे काका आणि एक पोलिश मुलगा, त्या रात्री पाळीवर होते.

पुढे सहा महिन्यांत निरोप आला: किंमत तीच ठेवायची, खर्च खाली आणा. लोण्यातलं निम्मं गेलं, त्या जागी रेपसीड तेल. जिरं थोडं कमी. स्पर्धेच्या नियमात होतं की रेसिपी बदलली तर बिल्ला काढावा. पण बदल "किरकोळ" आहे हे ठरवायचं कुणी? ज्यांनी तो करायला सांगितला त्यांनीच. कव्हरं छापून तयार होती, बिल्ला राहिला.

हेही मी गिळलं असतं. पण मला २०१३ आठवतं. जानेवारीत आयर्लंडच्या अन्नसुरक्षा विभागानं बर्गरच्या तपासणीचे निकाल जाहीर केले आणि टेस्कोच्या व्हॅल्यू बर्गरमध्ये गोमांसाच्या मानानं २९ टक्के घोडा निघाला. ओन लेबलच तो. टेस्कोनं वर्तमानपत्रांत पानभर माफी मागितली, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. पण पंधरवड्यात सिल्व्हरक्रेस्ट हे ते बर्गर बनवणाऱ्या कारखान्याचं नाव घराघरांत पोचलं होतं आणि त्याच्याकडून माल घेणं टेस्कोनं बंदही केलं होतं. कारखान्याची चूक होती, शिक्षा झाली, बरोबरच झालं. मला खुपतं ते वेगळंच. घोडा निघाला की पाकीट कुणी भरलं ते जगाला दोन आठवड्यांत कळतं. तारा मिळाला की मात्र ते व्यापारी गुपित असतं.

आमचे साहेब म्हणतात, आपल्यालाच नाव नकोय. त्यातही तथ्य आहे. सोमवारच्या दुकानाला मंगळवारचं दुकान कळलेलं चालत नाही. मोठ्या ब्रँडवाल्यांना तर त्याहून भीती: आपलाच कारखाना दुकानाचाही माल काढतो हे कळलं तर लोक जास्तीचे पैसे कशाला देतील? केलॉग्जनं तर आपण दुसऱ्या कुणासाठी सीरियल बनवत नाही, हीच वर्षानुवर्षं जाहिरात केली. आणि दुकानाला नाव नको असतं कारण उद्या दोन पेन्स स्वस्त देणारा कारखाना सापडला की डाळ तिकडे हलवता येते. गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही.

कायदाही त्यांच्याच सोयीचा. ज्याच्या नावानं वस्तू विकली जाते त्याचं नाव नि पत्ता पाकिटावर असला की झालं. त्यातल्या त्यात एक फट आहे. इथे दूध, चिकन, चीज यांच्या पाकिटांवर बारीक अंडाकृती शिक्का असतो, आत देशाची अक्षरं आणि एक क्रमांक. सरकारी यादीत तो शोधला की कारखाना सापडतो. दोन दुकानांच्या दुधावर एकच क्रमांक शोधणं हा माझा रविवारचा खेळ आहे. मुलगी म्हणते, आई, चल ना आता. आपल्याकडे हे सोपं आहे. गेल्या दिवाळीत सांगलीत असताना मी दुकानाच्या नावाची पाकिटं उलटीपालटी करून वाचत होते. मागे बनवणारा कोण, विकणारा कोण, आणि एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक.

खरं तर ओन लेबल मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या गल्लीतच. एक काकू दिवाळीला चकल्या करून द्यायच्या, पेठेतल्या दुकानाच्या पिशवीत दुकानाच्या नावानं विकल्या जायच्या. पण सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. लोक दुकानात जाऊन "त्या काकूंच्या आल्यात का?" असंच विचारायचे, आणि दुकानदार लाज न वाटता हो म्हणायचा. लग्नात मसालेभात जमला की यजमानाचं कौतुक होतंच, पण हात धुता धुता पहिला प्रश्न असतो: आचारी कोण?

तेवढंच मागणं आहे. काही स्पर्धांच्या निकालात पुरवठादाराचं नाव छापतात, ते खाली उतरून बिल्ल्यावर येऊ दे. माझं नको, कंपनीचं चालेल. गावाचं आलं तरी चालेल. आणि रेसिपी बदलली की पाकिटावरचा बिल्लाही उतरू दे.

बाकी, आई मे महिन्यात इथे आली. तिला डाळ गरम करून दिली, पाकिटावर लिहिल्याप्रमाणे, ८०० वॅटवर. दोन चमचे खाल्ले आणि थांबली.

"हिंग नाही यात."

मी सांगितलं, बाजारातल्या बहुतेक हिंगात गव्हाचं पीठ असतं. म्हणजे ग्लूटेन आलं, ते यादीत ठळक छापावं लागतं, मग ग्लूटेन चालत नाही ते लोक घेत नाहीत, म्हणून बायरनं पहिल्याच दिवशी हिंग काढायला लावला.

आईनं चमचा खाली ठेवला. "हिंगाशिवाय? आणि बक्षीस दिलं?"