डॉक्टरचं वागणं-बोलणं तपासता येतं: फिरणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस जळगाव-धुळ्याकडच्या बऱ्याच ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, पालकांच्या ग्रुपवर आला, डॉक्टरांच्या ग्रुपवर आला, आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर पण आला. मजकूर थोडक्यात असा, की एमबीबीएसच्या पोरांना आता पेशंटशी कसं बोलायचं, संमती कशी घ्यायची, सिस्टरशी कसं वागायचं याचे पण मार्क, हा एटकॉम नावाचा प्रकार बंद करा. कारणं दिलीत ती अशी: माणुसकी घरातून येते, ती शिकवून येत नाही. आम्हाला हुशार डॉक्टर पाहिजे, गोड बोलणारा नको. हे मोजता येत नाही, मार्क सरांच्या मर्जीवर जातात. पोरं परीक्षेपुरतं नाटक करतात. दोनशे पेशंटच्या ओपीडीत बोलायला वेळ कोणाला. आणि शेवटी, अमेरिकेनेच ही परीक्षा बंद केली, मग आपण कशाला.

मी खान्देशातल्या एका मेडिकल कॉलेजात शिकवते, रोज वॉर्डात या पोरांसोबत असते, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते. यातला एक मुद्दा बराचसा खरा आहे, तो पण सांगते.

आधी एटकॉम म्हणजे काय ते. अ‍ॅटिट्यूड, एथिक्स आणि कम्युनिकेशन. एमसीआयने, म्हणजे तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलने, 2018 मध्ये तयार केलं, 2019 च्या बॅचपासून देशभर लागू झालं, आता तिच्या जागी आलेल्या एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) अभ्यासक्रमात आहे. एकूण 27 मॉड्यूल, पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत वाटलेले. देहदान केलेल्या माणसाच्या शरीराशी आदराने कसं वागायचं इथपासून वाईट बातमी कशी सांगायची इथपर्यंत सगळं त्यात येतं. म्हणजे मेसेजमध्ये म्हटलंय तसा हा 'गोड बोलण्याचा क्लास' नाहीये.

आता 'हुशार पाहिजे, गोड नको' हा मुद्दा, कारण लोकांना हाच जास्त पटतोय. यात गृहीत असं धरलंय की बोलणं वेगळं आणि डॉक्टरकी वेगळी. पण निदान होतं कशावरून? 1975 मध्ये इंग्लंडमध्ये हॅम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओपीडीतले 80 नवीन पेशंट बघितले, त्यातल्या 66 जणांचं जे निदान शेवटी पक्कं ठरलं ते रेफरची चिठ्ठी वाचून आणि पेशंटची हिस्टरी घेऊनच झालेलं होतं, तपासणीमुळे निदान बदललं 7 जणांचं आणि लॅबमुळे 7 जणांचं. हे जुनं आहे, तेव्हा सीटी स्कॅन घरोघर नव्हते हे मान्य, पण आजही कोणती तपासणी करायची हे हिस्टरीच ठरवते. ज्याला विचारता येत नाही आणि ऐकून घेता येत नाही तो हुशार असून त्या हुशारीचं करणार काय?

आमच्याकडचं उदाहरण देते. कपाशीवर फवारणीचे दिवस सुरू झाले की कॅज्युअल्टीत विषबाधेच्या केसेस येतात. बाहुल्या बारीक झालेल्या, तोंडातून लाळ, घाम, अ‍ॅट्रोपिन सुरू करायचं, हे चौथ्या वर्षाचं कोणतंही पोर सांगेल. आता पेशंट वीस-बावीस वर्षांचा आहे, बाप उशाशी उभा, काका दारात, आणि आपला विद्यार्थी सगळ्यांसमोर मोठ्या आवाजात विचारतो 'औषध पिलास का रे?' तो काय सांगणार? 'फवारणी करत होतो.' केस पेपरवर तेच लिहिलं जातं. इलाज तोच होतो, पोरगा वाचतो, डिस्चार्ज कार्ड घेऊन घरी जातो, आणि ज्या कारणाने त्याने डबा तोंडाला लावला ते कारण घरीच बसलेलं असतं, मानसोपचारवाल्यांपर्यंत तो पोचतच नाही. तेच जर नातेवाइकांना दोन मिनिटं बाहेर थांबवलं, शेजारी बसलं, हळू आवाजात विचारलं आणि हे पण सांगितलं की बाबा तुझ्यावर गुन्हा नाही होणार, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम 115 आहे, असा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याला शिक्षेसाठी उभं करत नाहीत, तर बरेच जण बोलतात. या दोन मिनिटांत औषधशास्त्राची एक ओळ नाही, आणि तरी त्या पोराचा पुढचा महिना त्याच दोन मिनिटांवर अवलंबून आहे.

'मोजता येत नाही.' इथं जरा सविस्तर लिहावं लागेल.

माणूस मनातून किती चांगला आहे हे मोजता येत नाही, बरोबर. ते कोणी मोजायला पण निघालेलं नाही. मोजायचं असतं ते वागणं, जे डोळ्यांना दिसतं, कानांना ऐकू येतं. स्कॉटलंडमध्ये डंडीला रोनाल्ड हार्डन म्हणून होते, त्यांनी 1975 मध्येच ऑस्की (OSCE) नावाची परीक्षेची पद्धत मांडली, आता आमच्या कॉलेजांत पण होते. ओळीने स्टेशन लावलेले, प्रत्येक स्टेशनला ठराविक मिनिटं, बेल वाजली की पुढच्या स्टेशनला. परीक्षकाच्या हातात आधीच छापलेली यादी, सगळ्या पोरांना तेच पेशंट, तीच यादी. 'पोरगा कसा वाटला' याला मार्क नाहीत, 'हे केलं की नाही केलं' याला आहेत.

एक स्टेशन सांगते. नंदुरबारकडे, सातपुड्यात, सिकलसेल, म्हणजे आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार, हा घरोघरचा विषय आहे, तर त्यावरचं. समोर बसलेली बाई खरी पेशंट नाही, आमच्याच वॉर्डातली मावशी, तिला सगळं समजावून बसवलेलं. तिचा रिपोर्ट एएस आलाय, म्हणजे वाहक, नवऱ्याचा पण एएस. विद्यार्थ्याने समजावून सांगायचं. यादीत काय आहे? स्वतःचं नाव सांगितलं का. तिचं नाव विचारलं का. बसून बोलला का उभ्या उभ्याच. एएस म्हणजे तुम्ही आजारी नाही हे स्पष्ट सांगितलं का. दोष कोणाएकाच्या माथी येईल असं काही बोलला का. हा रिपोर्ट कोणाला सांगायचा ते तुम्ही ठरवायचं, आम्ही बाहेर बोलणार नाही, हे सांगितलं का, कारण आमच्याकडे अशा रिपोर्टवरून लग्नं मोडतात. आणि शेवटचं, समजलेलं परत सांगायला लावलं का.

त्या शेवटच्या ओळीवर बहुतेक पोरं अडकतात. हुशार पोरगी होती एक, तिने सगळं बरोबर सांगितलं, पोर आजारी निघायची 25 टक्के शक्यता म्हणाली, आकडा अगदी बरोबर, आणि 'समजलं ना?' विचारून उठायला लागली. मावशीने मान हलवली आणि मग शिकवल्याप्रमाणे विचारलं, 'मंग चौथं पोर बिमार व्हई का?' म्हणजे पहिली तीन चांगली निघतील आणि चौथं आजारी, असं तिने धरलं. हा प्रश्न आम्ही उगाच नाही घातला, 'चारात एक' ऐकलं की खरे पेशंट असंच समजतात. दर खेपेला तेवढीच शक्यता, पहिल्याला पण आणि तिसऱ्याला पण, हे वेगळं करून सांगावं लागतं. पोरगी परत बसली आणि टेबलावरचे चार खडू घेऊन नव्याने समजावलं. तिचा तो मार्क गेला, पण मला खात्री आहे की खऱ्या पेशंटसमोर ती 'समजलं ना' वर थांबणार नाही.

आता यात मर्जी कुठून आली? एका परीक्षकाने एकदाच बघून मार्क दिले तर येते, म्हणून तर दहा स्टेशन आणि वेगवेगळे परीक्षक लागतात. वर्षभर वॉर्डात पण बघायचं असतं, मिनी-सीईएक्स (Mini-CEX) म्हणतात त्याला, नॉर्सिनी आणि मंडळींनी 1995 मध्ये अमेरिकेत मांडलं, खऱ्या पेशंटसोबत पंधरा-वीस मिनिटं विद्यार्थ्याला बघायचं आणि तिथल्या तिथं सांगायचं की हे बरं केलंस, हे पुढच्या वेळी असं कर. सहा वेगवेगळ्या जणांनी सहा वेगवेगळ्या दिवशी बघितलं आणि सगळ्यांनी एकच तक्रार लिहिली तर ती मर्जी नसते. खरं म्हणजे आपली जुनी वायव्हा, एक सर, एक विद्यार्थी, सरांना सुचेल तो प्रश्न, त्यात मर्जी कितीतरी जास्त होती, तिच्याबद्दल मेसेज फिरलेला मी बघितला नाही.

आणि हो, यात सिस्टरचं मत घेतलं पाहिजे, मामा-मावशीचं पण. प्रोफेसर समोर असले की सगळेच नीट वागतात. रात्री दोनला सिस्टरने उठवल्यावर इंटर्न काय बोलतो ते सिस्टरलाच माहीत असतं. बाहेरच्या देशांत हे रीतसर फॉर्मवर घेतात, आपल्याकडे अजून कोणाला सुचलं तरी पचत नाही.

यातूनच तो नाटकाचा मुद्दा येतो. परीक्षेपुरतं करतात, ठीक, पण नाव सांगणं, बसून बोलणं, पडदा ओढून मग तपासणं, हे शंभर वेळा केलं की हाताला लागतं, टाके घालणं जसं लागतं तसंच. आणि जे पोरगं वर्षभर बघणारे असताना पण करू शकत नाही ते तर कळतं! अमेरिकेत पापाडाकिस आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये छापलेला अभ्यास आहे, तीन कॉलेजांतून पास झालेले, पुढे ज्यांच्यावर मेडिकल बोर्डाने कारवाई केली असे 235 डॉक्टर आणि कारवाई न झालेले 469, दोघांच्या कॉलेजातल्या जुन्या नोंदी काढून बघितल्या. कारवाई झालेल्यांमध्ये विद्यार्थी असतानाच गैरवागणुकीची नोंद असायची शक्यता जवळपास तिप्पट निघाली. सगळ्यात जास्त संबंध होता बेजबाबदारपणाचा, म्हणजे काम न करणं, वेळेवर न येणं. मोठी पापं नव्हेत ही, आपण ज्याला 'पोरकटपणा आहे, सुधरेल' म्हणून सोडून देतो तीच. विसाव्या वर्षी लक्षात आलं तर सांगून, सोबत बसून, काही तरी करता येतं.

'माणुसकी घरातून येते.' येते की. पण चांगल्या घरातलं पोर पण पहिल्यांदा कोणाला 'तुमचा मुलगा वाचणार नाही' हे कसं सांगणार? ते कोणाच्याच घरात शिकवत नाहीत. आणि नेमकं उलट पण होतं, पहिल्या वर्षाला पोरं पेशंटला काका-मावशी म्हणत येतात आणि शेवटच्या वर्षापर्यंत 'तीन नंबरचा लिव्हर' म्हणायला लागतात. ते घरून नाही आणलेलं, आमच्याकडूनच घेतलेलं आहे, राउंडला मोठे जसे बोलतात तसे.

वेळेचं. स्वित्झर्लंडमध्ये बासेलला 2002 मध्ये छापलेल्या अभ्यासात ओपीडीतल्या 335 पेशंटना मध्ये न तोडता बोलू दिलं, सरासरी 92 सेकंदांत त्यांचं सांगून झालं, 78 टक्के लोक दोन मिनिटांच्या आत थांबले. त्याच्या आधी अमेरिकेत 1984 मध्ये बेकमन आणि फ्रँकेल यांनी मोजलं होतं, डॉक्टर सरासरी 18 सेकंदांत मध्ये बोलत होते. आपली गर्दी बासेलपेक्षा खूप जास्त आहे हे मला कोणी सांगायला नको, दर पेशंटला 92 सेकंद पण जड जातात असे दिवस मी स्वतः काढते. पण धडगावहून रात्री निघून सकाळी पोचलेला म्हातारा गोळ्यांचं न समजून परत गेला, साखर वाढून पंधरा दिवसांनी अ‍ॅडमिट झाला, तर त्यात कोणाचा वेळ वाचला? गर्दीवर उपाय जास्त डॉक्टर आणि चालू असलेली ग्रामीण रुग्णालयं हा आहे, ती मागणी करा, मी पहिली सही करते.

अमेरिकेचं अर्धंच सांगितलंय. तिथली स्टेप टू सीएस नावाची देशपातळीवरची परीक्षा 2004 मध्ये सुरू झाली, कोविडमध्ये थांबली आणि जानेवारी 2021 मध्ये कायमची बंद केली, एवढं खरं. पण ती परीक्षा फक्त पाच शहरांत होती, पोरं हजार डॉलरच्या वर फी भरून विमानाने जायची, आणि तिथल्या कॉलेजांची जवळपास सगळी पोरं पास व्हायची, म्हणून तिच्यावर आधीपासूनच टीका होती. कॉलेजांनी आपल्या पोरांची बोलण्या-वागण्याची परीक्षा घेणं त्याने बंद झालं नाही. तिथं रेसिडेन्सीला, म्हणजे डॉक्टर झाल्यानंतरच्या प्रशिक्षणात, ज्या सहा गोष्टी तपासतात त्यात संवाद आणि व्यावसायिक वागणूक या दोन स्वतंत्र आहेत, आजही.

आता जो मुद्दा खरा आहे तो. मेसेजमध्ये एक ओळ आहे, 'नुसता कागदी खेळ चाललाय'. बऱ्याच ठिकाणी चाललाय. 'सहानुभूती म्हणजे काय, टीप लिहा' असा प्रश्न घालून सहानुभूती तपासली जात नाही, पाठांतर तपासलं जातं. लॉगबुकं टर्मच्या शेवटी गठ्ठ्याने येतात आणि एका बसणीत सह्या होतात, ज्या पोराला त्या मॉड्यूलमध्ये कोणी बघितलंच नाही त्याच्यापुढे पण 'अपेक्षेप्रमाणे' लिहिलं जातं. शिक्षक कमी, पदं रिकामी, ज्यांना एटकॉम घ्यायला सांगितलंय त्यांना स्वतःला ते कधी कोणी शिकवलेलं नाही. याचा राग येणं बरोबर आहे, मला पण येतो. पण शरीरशास्त्राचं प्रॅक्टिकल नीट होत नाही म्हणून शरीरशास्त्र बंद करा असं कोणी म्हणत नाही.

ज्यांची पोरं आत्ता मेडिकलला आहेत आणि ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवलाय त्यांना एवढंच सांगते, आज फोन आला की पोराला विचारा, या टर्ममध्ये तुला पेशंटशी बोलताना कोणत्या सरांनी, मॅडमनी समोर उभं राहून बघितलं आणि नंतर काय सांगितलं. कोणीच बघितलं नाही असं उत्तर आलं तर कॉलेजच्या पालकसभेत ते विचारा, लेखी द्या. आमच्यासारख्यांना आत बसून भांडायला त्याचा फार उपयोग होतो.