फोटोतली बाई माझी आई आहे

संगमनेरच्या पठारावर नव्वदच्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून झालेल्या कामांवर मी गेल्या महिन्यात लिहिलं होतं. लेखासोबत डोंगरावर काम करणाऱ्या एका बाईचा फोटो होता. त्या लेखावर परवा एक प्रतिक्रिया आली. खाली नाव नाही, नुसतं ‘एक शेतकरीपुत्र’. ती जशीच्या तशी देते, म्हणजे मी मोडतोड केली असं कुणी म्हणायला नको.

“परदेशी पैशावर पोसलेल्या संस्थांची आरती ओवाळणं बंद करा. श्रमदान हे गोंडस नाव, प्रत्यक्षात गरिबाच्या मजुरीला लावलेली कात्री. फोटोतली बाई हसतेय, कारण तिची मजुरी कुठे गेली हे तिला कळलेलंच नाही. पाणी चढलं विहीरवाल्याच्या मळ्यात, चराईबंदीनं मेंढपाळ उठले, आणि आता त्याच गावांत बोअर पाडून पुन्हा टँकर. हिवरे बाजारनं जर्मनीपुढे हात पसरले होते का? आणि पैसा जीटीझेडचा नव्हता, एवढं तरी तपासून लिहा.”

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण ते बरोबर आहे. पैसा केएफडब्ल्यू या जर्मन विकास बँकेचा होता. जीटीझेड या दुसऱ्या जर्मन संस्थेनं प्रशिक्षण आणि तांत्रिक साहाय्याची बाजू सांभाळली. मी दोन्ही नावांची सरमिसळ केली होती. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता बाकीचं.

‘आरती ओवाळणं’, ‘पोसलेल्या’, ‘हात पसरले’ ही भाषा कुणासाठी आहे? मतभेद मला चालतात. या ब्लॉगवर गेल्या सहा वर्षांत माझ्या विरोधात आलेली एकही प्रतिक्रिया मी काढलेली नाही. पण समोरच्याला विकलेला ठरवायचं आणि मग मुद्दा मांडायचा, ही पद्धत मला मान्य नाही. मी कुठल्याही संस्थेत नोकरी केलेली नाही, कुणाचं मानधन घेतलेलं नाही. मी शाळेत शिकवते. आणि शेतकरीपुत्र तुम्ही एकटेच नाही. मीही शेतकऱ्याचीच मुलगी आहे, साडेतीन एकर कोरडवाहू मुरमाड जमिनीवरची.

हेही सोडून दिलं असतं. फोटोवरचं वाक्य मात्र सोडून देता येत नाही.

फोटोतली बाई माझी आई आहे.

लेखात मी तसं लिहिलं नव्हतं, त्यामुळे तुम्हाला ठाऊक असण्याचं कारण नाही, हे मान्य. पण ठाऊक नसताना एका अनोळखी बाईबद्दल ‘तिला कळलेलंच नाही’ असं लिहायला तुमचा हात धजावला कसा? फाटक्या लुगड्यातली, डोक्यावर पदर घेतलेली बाई दिसली की तिला काही कळत नसणार, हे तुम्ही बघताक्षणी ठरवून टाकलं.

ती का हसतेय ते सांगते. तिच्या हातात ए-फ्रेम आहे. दोन काठ्या वर एकत्र बांधलेल्या, मध्ये आडवी काठी, तिच्यावर मधोमध खूण, आणि शेंड्यावरून दोरीला लोंबणारा दगड. दोरी खुणेवर स्थिरावली की दोन्ही पाय एका पातळीत. तिथे चुन्याची फक्की टाकायची, एक पाय रोवून दुसरा फिरवायचा, पुन्हा बघायचं. अशी समपातळीची रेघ निघते आणि त्या रेघेवर पावसाचं पाणी अडवायला सलग समतल चर खोदतात, दोन फूट रुंद, एक फूट खोल. त्या दिवशी दोरीचा दगड कुठेतरी पडला. पोरं दगड शोधत बसली, तेव्हा आईनं कमरेच्या चंचीतून अडकित्ता काढला आणि दोरीला बांधला. फोटो नीट मोठा करून बघा, अडकित्ताच लोंबतोय. माथ्यावरची एक अख्खी ओळ तिनं त्या अडकित्त्यावर आखली. म्हणून हसतेय ती.

आणि मजुरी कुठे गेली ते तिला चांगलं माहीत होतं. आमच्या चुलीमागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा असायच्या. मजुरीच्या दिवसाला उभी रेघ, श्रमदानाच्या दिवसाला आडवी. पगाराच्या दिवशी ती आधी भिंत मोजायची, मग मस्टरवर सही करायची. सही, अंगठा नव्हे. एकदा दोन दिवस कमी भरले, तर ती गावच्या पाणलोट समितीच्या सचिवाला हाताला धरून घरी घेऊन आली आणि भिंतीपुढे उभं केलं. पुढच्या पगाराला दोन दिवस वाढून आले.

त्याआधी ती रोजगार हमीच्या खडीवर जायची. दगड फोडायचे, ब्रास मोजून द्यायचा, घरी यायचं. तो रस्ता कुठून जावा हे तिला कुणी विचारलं नव्हतं. पाणलोटाच्या कामात गट नंबरवार शिवारफेरी झाली. शेतात नवरा-बायको दोघांनी उभं राहायचं, असा दंडक होता. वडील म्हणाले बांध इथे घाला. आई म्हणाली, “पाणी इथून न्हाई फुटत, त्या बाभळीपासून फुटतंय. बांधावर भाकरी घेऊन मी येते, तुमी झोपलेले असता.” दगडी बांध बाभळीपाशी पडला. अजून आहे.

तुम्ही म्हणता ‘कात्री’. अकुशल कामाच्या खर्चाचा सुमारे १६ टक्के हिस्सा गावानं श्रमातून उचलायचा, हे गावाला काम सुरू होण्याआधी माहीत होतं. गाव आधी श्रमदान करून दाखवायचं, मगच त्याची निवड व्हायची. समिती ग्रामसभेनं नेमलेली. जर्मनीचा पैसा नाबार्ड या आपल्या ग्रामीण विकास बँकेकडून यायचा आणि गावच्या खात्यातून तो काढायला समिती आणि गावासोबत काम करणारी स्वयंसेवी संस्था दोघांच्या सह्या लागायच्या. भूमिहीन कुटुंबांना आणि एकट्या बाईच्या घराला श्रमदानातून सूट होती. आमच्या शेजारच्या काकूंना जमीन नव्हती, त्यांना सूट होती, तरी त्या यायच्या. सगळा गाव माथ्यावर असताना आपण घरी बसणं त्यांना बरं दिसायचं नाही. कुणी जबरदस्ती केली नव्हती, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. मी तेव्हा आठवीत होते, सुट्टीच्या दिवशी घमेली उचलायला मीही असायचे.

परदेशी मदत म्हणजे काय, हे आमच्या घराला तुमच्या प्रतिक्रियेवरून शिकायचं नाही. माझ्या आजीनं ७२च्या दुष्काळात अमेरिकेहून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी थापल्या. भाकरी तुटायची, पोरं खायची नाहीत. सुकडीच्या रांगेत ती कडेवर पोर घेऊन उभी राहिली. ती मदत होती, तिनं जीव वाचवले, मी तिला नावं ठेवणार नाही. पण त्या मदतीनं डोंगरावर एक चर पडला नाही. फादर हर्मन बाकर यांच्यासारखी माणसं नगर जिल्ह्यात दुष्काळामागून दुष्काळ बघत राहिली, म्हणून माथ्यापासून पायथ्यापर्यंत अख्खा पाणलोट घ्यायचा आणि पैशाआधी गावाची तयारी बघायची, हा विचार रुजला. फादर मूळचे स्वित्झर्लंडचे, आयुष्यातली उमेदीची वर्षं त्यांनी इथे घालवली. त्यांना ‘परदेशी पैसा’ या दोन शब्दांत गुंडाळू नका. या कामाचा अनुभव पाहूनच १९९९-२००० मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालय आणि नाबार्ड यांनी प्रत्येकी १०० कोटी घालून पाणलोट विकास निधी उभा केला. म्हणजे पुढे तीच रीत आपल्या पैशावर चालली.

हिवरे बाजारचं म्हणाल तर ते गाव उभं करणाऱ्या पोपटराव पवारांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण ते गावही नुसत्या स्वतःच्या खिशावर उभं राहिलं नाही. राज्य सरकारच्या आदर्श गाव योजनेत ते होतं, रोजगार हमीचा पैसा तिथे गेला. सरकारचा पैसा घेतला तर स्वाभिमान आणि जर्मनीचा घेतला तर हात पसरणं, हा हिशोब मला कळत नाही. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान तिथेही होतंच.

मेंढपाळांचा प्रश्न मोठा आहे, तो एका प्रतिक्रियेत मावणारा नाही आणि या उत्तरातही मावणार नाही. बंदी एकदम सगळ्या डोंगराला नव्हती, टप्प्याटप्प्यानं होती, एवढंच आत्ता सांगते. विहीरवाल्याला जास्त पाणी मिळालं, बरोबर, विहीर त्याची होती. पण त्याच्या मळ्यात खुरपायला जाणाऱ्या बाईलाही कामाचे दिवस मिळाले. आमच्या शेजारच्या दरेवाडीचं उदाहरण पाहा: वर्षातले तीन-चार महिने शेतमजुरी मिळायची, ती नऊ-दहा महिन्यांवर गेली आणि एप्रिल ते जुलै लागणारा टँकर बंद झाला. नंतर कुणी कुठे किती बोअर पाडले, त्याचा जाब ज्यांनी पाडले त्यांना विचारा. १९९७ साली चर खोदणाऱ्या बाईला नको.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. काल संध्याकाळी ती आईला वाचून दाखवली. आता तिला नीट दिसत नाही, ऐकू मात्र सगळं येतं. तिनं सुपारी कातरता कातरता शेवटपर्यंत ऐकलं आणि एवढंच विचारलं, “कुठल्या गावचा हाय त्यो?”

तेव्हा पुढच्या वेळी लिहाल तेव्हा खाली नाव लिहा, आणि गावही. तिला सांगायचंय.