दुसरी वर्दी आली तर?

सोलापूरच्या अग्निशमन दलाकडं गाड्या किती, हे विचारायचं आता सोडा. सगळ्या गाड्या एका आगीवर गुंतलेल्या असताना दुसरी वर्दी, म्हणजे मदतीचा फोन, आली, तर ठाण्यात काय उभं असतं, ते विचारा.

18 मे 2025 च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली आणि 8 जीव गेले. मालकाचं कुटुंब, कामगार, दीडेक वर्षाचं लेकरू. राहायचेही तिथंच. त्याच दिवशी हैदराबादला चारमिनारजवळच्या आगीत 17 जण गेले, त्यामुळं देशाच्या बातम्यांत आपली आग खालच्या पट्टीत सरकली. आपल्या गावातही पंधरा दिवसांनी कुणी बोलेना.

ज्यांच्या घरात माग होते त्यांना सुताच्या आगीचं वेगळं सांगायला नको. टॉवेलच्या गठ्ठ्यावर पाणी मारलं तर वरचा थर भिजतो, आत धुमसतच राहतं. गठ्ठे ओढून काढायचे, उकलायचे, पुन्हा भिजवायचे. धुरानं आत जाता येत नाही, मग जेसीबीनं भिंत पाडायची. ज्वाळा दिसेनाशा झाल्या की बघे घरी जातात, जवानांचं अर्धं काम त्यानंतरच असतं. या गावात मोठी आग म्हणजे बहुतेक वेळा सुताची आग, आणि ती एकदा धरलेल्या गाडीला तासन्‌तास सोडत नाही.

त्यात पाणी. एका बंबात साधारण साडेचार-पाच हजार लिटर मावतं. दोन पाइप जोरात सोडले की पाच-सहा मिनिटांत टाकी संपते. गाडी भरायला जाते, परत येते, पुन्हा जाते. म्हणजे घटनास्थळी सहा गाड्या अशी बातमी वाचली तरी प्रत्यक्ष पाणी मारणाऱ्या दोन-तीनच असतात, बाकीच्या रस्त्यावर. नळाला चार-चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात रस्त्यावरच्या हायड्रंटला, म्हणजे बंब भरायच्या नळाला, कायम दाब असेल, अशी आशा कुणी ठेवू नये.

आता हिशेब बघा. केंद्राच्या स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेचे निकष जुनेच आहेत. शहरात दर 10 चौरस किलोमीटरला एक केंद्र. गाड्यांचं म्हणाल तर पहिल्या 3 लाख लोकसंख्येपर्यंत दर 50 हजारांमागे एक, पुढं दर लाखाला एक. 1992 च्या हद्दवाढीनंतर आपलं क्षेत्रफळ 178 चौरस किलोमीटरच्या वर गेलं. म्हणजे सतरा-अठरा केंद्रं. एवढी नाहीत, हे कळायला माहितीचा अधिकार लागत नाही. 2011 च्या जनगणनेत साडेनऊ लाख माणसं होती, त्या हिशेबानं बारा-तेरा गाड्या, आणि त्यानंतर जुळे सोलापूर कुठवर गेलं ते आपण बघतोच आहोत. हद्दीबाहेर कुंभारीला गोदूताई घरकुल आणि रे नगर मिळून हजारो घरं झाली. तिथून फोन आला तर ‘तुम्ही आमच्या हद्दीत नाही’ म्हणणार का? जावं लागतंच.

आमच्या पेठेत दलातून निवृत्त झालेले एक मामा आहेत. त्यांना विचारलं, "मामा, दोन ठिकाणी एकदम लागली तर कुठं जायचात?" म्हणाले, "जिथं माणूस अडकलाय तिथं. दुसऱ्याला सांगायचं, निघालोय." पुढं काही बोलले नाहीत, चहा प्यायला लागले.

आणि एकदम दोन-तीन वर्द्या येणं काही अपवादाचं राहिलेलं नाही. मे महिन्यात पारा 44 ला, भोगावचा कचरा डेपो धुमसतोय, त्यात एखाद्या इमारतीतले मीटर जळतात. लक्ष्मीपूजनाची रात्र तर विचारूच नका. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत शोभेच्या दारूकामाजवळ गाडी उभी ठेवायची, म्हणजे तेवढ्या वेळापुरती गावातली एक गाडी कमी. सप्टेंबर 2025 ला सीनेला पूर आला तेव्हा जिल्ह्यात हेलिकॉप्टर मागवावं लागलं. पूर असो, पडलेलं झाड असो, तळ्यात बुडालेला माणूस असो, पहिला फोन 101 लाच जातो.

मोठी शिडी घ्या अशी मागणी अधूनमधून होते. घ्या की, उंच इमारती होतायत, लागेल. पण पूर्व भागात खाली माग, वर संसार, बाहेर पडायला एकच शटर आणि खिडक्यांना जाळ्या. तिथं शिडी गल्लीतच वळणार नाही. तिथं लहान गाडी लागते, जवळचं केंद्र लागतं, धुरात शिरायला श्वसनाचे संच लागतात आणि मुख्य म्हणजे तीन पाळ्यांत पुरतील एवढी माणसं लागतात. गाडी आली की हार घालून फोटो निघतो. भरतीचा फोटो निघत नाही, म्हणून ती मागं पडते, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारखानदारांनाही सोडणार नाही. 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार जानेवारी आणि जुलैत, वर्षातून दोनदा, यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी द्यायचा असतो. तो देणाऱ्यांपैकी किती जणांनी स्वतः एकदा तरी व्हॉल्व्ह फिरवून बघितलाय?

महापालिकेकडं माझी मागणी एकच आहे. दर महिन्याला वर्द्यांची यादी वेबसाइटवर टाका: फोन किती वाजता आला, गाडी किती वाजता पोचली, आणि त्या क्षणी ठाण्यात माणसांसकट किती गाड्या शिल्लक होत्या. हा शेवटचा आकडा ज्या दिवशी शून्य असेल तो दिवस लाल रंगात दाखवा. नगरसेवक मतं मागायला येतात तेव्हा त्यांच्यापुढं हीच यादी धरता येईल.

तोवर एक काम आपण करू. आपापल्या पेठेत बंबाला पाणी भरता येईल अशी विहीर, हौद, मोठी टाकी कुठं आहे आणि तिथवर गाडी जाते का, हे कमेंटमध्ये लिहा. यादी मी करतो आणि दलाच्या कार्यालयात नेऊन देतो.