सिलिकॉनच्या कणांना विष ठरवण्याआधी

आज सकाळी आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'औषधाच्या नावाखाली शरीरात कॉम्प्युटर चिप' असा मजकूर आला आणि दुपारपर्यंत त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मूळ बातमी सच्छिद्र सिलिकॉनच्या, म्हणजे चिप ज्यापासून बनते त्याच पदार्थाच्या बारीक छिद्रे असलेल्या कणांतून शरीरात औषध पोहोचवण्याची होती, पण ती वाचण्याचे कष्ट कोण घेणार?

माझ्या आईच्या दृष्टिपटलाला मधुमेहामुळे सूज आहे. आत सोडलेले औषध फार काळ टिकत नसल्यामुळे ठरावीक आठवड्यांनी तिच्या डोळ्यात पुन्हा इंजेक्शन द्यावे लागते. बधिर करणारे थेंब घातले की ती माझे मनगट असे आवळते, की तिच्या बांगडीचा वळ माझ्या हातावर उमटतो.

१९५६ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत उलीर हे संशोधक दांपत्य सिलिकॉनचा पृष्ठभाग विजेच्या साहाय्याने गुळगुळीत करू पाहत असताना त्यावर एक विचित्र थर चढला. तो छिद्रांनी भरलेला असल्याचे पुढे कळले. १९९५ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ ली कॅनहॅम यांनी दाखवले की, असे सिलिकॉन शरीरद्रवासारख्या द्रावणात विरघळते. त्यातून तयार होणारे सिलिसिक आम्ल आपण धान्या-भाज्यांतून रोजच पोटात घेतो आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. म्हणजे काही नॅनोमीटर रुंदीच्या अतिसूक्ष्म छिद्रांत औषध भरायचे, कण झिजेल तसे ते सुटू द्यायचे आणि शेवटी काढून घ्यायला काही उरूच द्यायचे नाही, अशी ही योजना आहे. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी सशांच्या डोळ्यांत असे कण सोडले, तेव्हा ते महिनोन्महिने टिकले. महिनोन्महिने! त्या बांगडीच्या वळाचा विचार करा आणि मग हात जोडा.

सशाचा डोळा म्हणजे माणसाचा डोळा नव्हे, हे मान्य. कणाचा पृष्ठभाग आधी नीट ऑक्सिडाइझ केला नाही, म्हणजे ऑक्सिजनशी संयोग घडवून शांत केला नाही, तर तो काही औषधांशी क्रिया करून तीच बिघडवतो, हेही खरे. औषधाच्या दुकानापर्यंत हे अजून पोहोचलेले नाही, ते उगाच नव्हे.

ग्रुपवरची माणसे वाईट नाहीत, हे लिहिता लिहिता जाणवते आहे. आईच्या पहिल्या इंजेक्शनच्या वेळी त्यांच्यातल्याच एका मावशीने रात्रभर जागून तिला थेंब घातले होते. परक्या वस्तूची त्यांना वाटणारी भीती मला कळते, परंतु तीच माणसे भोंदू वैद्याच्या निनावी पुड्या डोळे मिटून गिळतात, तेव्हा माझा संयम संपतो. त्यांना प्रश्नच विचारायचे असतील, तर या उपचाराची किंमत काय असेल आणि तो जिल्हा रुग्णालयात कधी मिळेल, हे विचारावे. त्या प्रश्नांवर मीही त्यांच्याच बाजूने भांडेन.